प्रमाणित एन्क्रिप्शन: जीसीएम, सीसीएम आणि बाकीची मंडळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव इथे बसून हॉटेल-होमस्टेची बुकिंग, दवाखान्यांच्या नोंदी, तिकीट यंत्रे, नदीकाठचे सेन्सर असली सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. एईएस हा ब्लॉक सायफर आहे आणि तो १६ बाईटचा एक ठोकळा किल्लीच्या जोरावर दुसऱ्या १६ बाईटांत बदलतो, एवढे वाचणाऱ्याला माहीत आहे असे धरले आहे. इंग्रजी ‘की’ मराठी वाक्यात आली की घोटाळा होतो, म्हणून इथे सगळीकडे ‘किल्ली’ म्हटले आहे.

आम्ही एईएस-२५६ लावले आहे. आणखी काय हवे?

एईएस-२५६ म्हणजे नुसते इंजिन. ते कोणत्या मोडमध्ये (एकामागून एक ठोकळे एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीत) चालवता हा खरा प्रश्न आहे, आणि सीबीसी किंवा सीटीआर असे उत्तर असेल तर मजकूर लपला आहे, राखलेला नाही. बंद पाकीट बाहेरून वाचता येत नाही, पण वाटेत आतले पत्र बदलले का हे लाखेच्या मोहोरेवरूनच कळते.

एक नमुना जवळून पाहा. होमस्टेच्या बुकिंगची नोंद सीटीआरने एन्क्रिप्ट केली आहे आणि तीत भाडे 04500 असे पाच आस्की अंकांत लिहिले आहे. डेटाबेसपर्यंत पोचलेल्या माणसाकडे किल्ली नाही. पण नोंदीचा साचा त्याला ठाऊक आहे, कारण तेच ॲप त्याच्याही फोनवर आहे. भाड्याचा पहिला अंक कितव्या बाईटवर येतो हे मोजायला त्याला दोन मिनिटे लागतात. शून्याचा आस्की कोड ४८, नवाचा ५७, आणि दोघांचा एक्सॉर (बिटाबिटाने काढलेला फरक) ९. सायफरटेक्स्टमधल्या, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरातल्या, त्या एका बाईटला त्याने ९ ने एक्सॉर केले की तुमचा प्रोग्रॅम बिनतक्रार ९४,५०० वाचतो. कुठे त्रुटी नाही, लॉगमध्ये काही नाही. सीबीसीमध्ये हेच मागच्या ब्लॉकमधला बिट उलटवून जमते, फक्त तो मागचा ब्लॉक कचरा होतो.

प्रमाणित एन्क्रिप्शन सायफरटेक्स्टसोबत एक टॅग देते, बहुधा १६ बाईटचा. एक बिट जरी हलला तरी टॅग जुळत नाही आणि डिक्रिप्शन नकार देते.

सीबीसी करून सोबत शा-२५६ हॅश ठेवला तर?

हॅशला किल्ली नसते. ज्याने मजकूर बदलला तो हॅशही नव्याने काढून ठेवेल. किल्ली असलेला एचमॅक हवा (मॅक म्हणजे किल्लीने काढलेली मोहोर, एचमॅक हा तिचा एक प्रकार), आणि क्रमही महत्त्वाचा: आधी एन्क्रिप्ट, मग सायफरटेक्स्टवर मॅक. बेलारे आणि नामप्रेम्प्रे यांनी २००० साली तिन्ही क्रम तपासले तेव्हा सर्वसाधारणपणे सुरक्षित ठरला तो हाच.

उलट्या क्रमाची (आधी मॅक, मग एन्क्रिप्ट) किंमत व्होडने यांनी २००२ मध्ये दाखवली. सीबीसीचे पॅडिंग (शेवटचा ठोकळा पूर्ण करायला घातलेली भर) चुकले तर सर्व्हर एक त्रुटी देतो, मॅक चुकला तर दुसरी. हल्लेखोराला एवढा फरक पुरतो. एका बाईटसाठी जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, म्हणजे १६ बाईटच्या ब्लॉकला ४,०९६, आणि सरासरीने त्याच्या निम्मेच. किल्लीला हात न लावता मजकूर उलगडतो. ‘आम्ही दोन्ही त्रुटींना एकच संदेश देतो’ यानेही भागत नाही. लकी थर्टीन या २०१३ च्या हल्ल्यात फरक संदेशात नव्हता, उत्तराला लागणाऱ्या वेळेत होता.

एचमॅक हातानेच जोडायचा असेल तर किल्ल्या दोन वेगळ्या घ्या, आयव्हीसुद्धा (पहिल्या ब्लॉकआधी लागणारे सुरुवातीचे बाईट) मॅकच्या आत घ्या आणि टॅगची तुलना स्थिर वेळेत चालणाऱ्या फंक्शनने करा. आयव्ही बाहेर राहिला तर पहिला ब्लॉक वाटेल तसा वाकवता येतो. ही चूक आम्ही कोड तपासताना इतर कोणत्याही चुकीपेक्षा जास्त वेळा पाहतो. खरे तर नव्या कामात हा खटाटोप करूच नये, तयार मोड घ्यावा.

मग कोणता मोड घ्यायचा?

सर्व्हर, फोन, वेब: एईएस-जीसीएम. मॅग्र्यू आणि व्हिएगा यांचा हा मोड, निस्ट या अमेरिकी मानकसंस्थेचे मानक एसपी ८००-३८डी, २००७. आत सीटीआर आणि टॅगसाठी जीहॅश नावाचा गुणाकार. इंटेलच्या एईएस-एनआय आणि बिनहातच्याच्या गुणाकाराच्या सूचनांमुळे तो इतका वेगवान चालतो की एन्क्रिप्शनमुळे सॉफ्टवेअर मंदावले अशी तक्रार आली तर आधी दुसरीकडे बघा.

लहान रेडिओ उपकरणे: सीसीएम. निस्टचे एसपी ८००-३८सी, २००४. डब्ल्यूपीए२, ब्लूटूथ लो एनर्जी आणि झिगबीत हाच आहे, त्यामुळे चिपमध्ये तो तयार मिळतो. प्रत्येक ब्लॉकला एईएस दोनदा चालवावे लागते आणि संदेशाची एकूण लांबी सुरुवातीलाच ठाऊक लागते. ४० बाईटच्या पाणीपातळीच्या नोंदीला याचे काही ओझे नाही.

नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा, पुढे सविस्तर) पुन्हा वापरला जाणार नाही अशी खात्री देता येत नसेल तर एईएस-जीसीएम-एसआयव्ही, म्हणजे २०१९ चा आरएफसी ८४५२. त्यात नॉन्स परत आलाच तरी ‘हे दोन संदेश हुबेहूब सारखे आहेत’ एवढेच बाहेर पडते. मोबदल्यात मजकुरावरून दोनदा जावे लागते, म्हणजे प्रवाही डेटाला तो गैरसोयीचा.

ओसीबी हा रोगवे यांचा मोड या सगळ्यांत देखणा आणि वेगवान. पण पेटंटमुळे वीस वर्षे लोक त्याच्या वाटेला गेले नाहीत. २०२१ मध्ये पेटंट सोडून दिली, तोवर जग जीसीएमवर स्थिरावले होते. ईएएक्स चांगला आहे, फारसा दिसत नाही.

चाचा२०-पॉली१३०५ ब्लॉक सायफर नाही, पण काम तेच करतो. एईएसचे हार्डवेअर नसलेल्या प्रोसेसरवर तोच घ्या.

नॉन्स म्हणजे नेमके काय, आणि त्याचा एवढा बाऊ का?

नॉन्स म्हणजे एका किल्लीखाली एकदाच वापरायचा आकडा. जीसीएममध्ये तो १२ बाईटचा असतो. गुप्त असायची गरज नाही, तो सायफरटेक्स्टच्या पुढ्यात उघडाच ठेवतात. पुन्हा येता कामा नये, एवढी एकच अट. बाऊ एवढ्यासाठी की आमच्या मते मोड कोणता यापेक्षा नॉन्स कुठून येतो याचे उत्तर दहापट महत्त्वाचे आहे.

परत आला तर दोन गोष्टी होतात. पहिली, दोन्ही संदेशांना तोच कीस्ट्रीम (मजकुराशी एक्सॉर होणारा बाईटांचा प्रवाह) लागतो, सायफरटेक्स्ट एकमेकांशी एक्सॉर केले की दोन मूळ मजकुरांचा एक्सॉर हातात येतो. एकातला साचा माहीत असला की दुसरा उलगडायला सुरुवात होते. दुसरी गोष्ट याहून वाईट. जीहॅशची गुप्त किंमत म्हणजे शून्य ब्लॉकचे एईएस, आणि ती त्या किल्लीसाठी कायम असते. एकाच नॉन्सच्या दोन टॅगांचा एक्सॉर केला की वरचा मुखवटा उडतो आणि त्या गुप्त किंमतीचे बहुपदी समीकरण उरते. ते सोडवता येते, हे झू यांनी २००६ मध्येच दाखवले. ती किंमत मिळाली की तुमच्या किल्लीखाली खोटे संदेश खऱ्या टॅगसकट बनवता येतात.

हे पुस्तकी नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी इंटरनेट चाळले तेव्हा १८४ एचटीटीपीएस सर्व्हर जीसीएमचा नॉन्स परत वापरताना सापडले. २०१७ च्या क्रॅक हल्ल्यात डब्ल्यूपीए२ ला तीच किल्ली पुन्हा बसवायला लावून नॉन्स मागे नेला होता.

यादृच्छिक नॉन्स घ्यायचा की मोजणीचा?

डेटाबेसच्या नोंदींना, फायलींना: यादृच्छिक, आणि तो ऑपरेटिंग सिस्टमच्या सुरक्षित जनित्रातूनच. निस्टची मर्यादा एका किल्लीखाली २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेश. कळंगुटच्या हॉटेलाच्या पाहुण्यांना ही मर्यादा जन्मात लागणार नाही. सेकंदाला १,००० नोंदी लिहिणाऱ्या लॉगला मात्र ती ४९ दिवसांत गाठते. तिथे किल्ली दर आठवड्याला बदला, नाहीतर मोजणीवर जा.

मोजणीचा नॉन्स म्हणजे ४ बाईट उपकरणाचा क्रमांक आणि ८ बाईट मोजणी. गणिताने हा निर्धोक, व्यवहारात मात्र खाली लिहिल्याप्रमाणे घात होतो.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की आमच्या सेन्सरची मोजणी शून्यापासून सुरू होते. चालेल?

नाही. जूनपासून चवथीपर्यंत आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि दर वेळी उपकरण तेच नॉन्स त्याच किल्लीखाली परत पाठवते. मोजणी नुसत्या रॅममध्ये ठेवलेली असली की हे ठरलेलेच.

प्रत्येक संदेशामागे फ्लॅशवर मोजणी लिहिली तर फ्लॅश झिजते. म्हणून आरक्षण करा. सुरू होताना फ्लॅशवरची मर्यादा वाचा, समजा ५,०००. लगेच तिथे ६,००० लिहा, लिहिले गेले याची खात्री करा, आणि मगच ५,००० पासून वापर सुरू करा. ६,००० ला पोचण्याआधी ७,००० लिहा. मधेच वीज गेली तर पुढच्या खेपेला थेट राखलेल्या मर्यादेवरून सुरुवात. काहीशे आकडे वाया जातील, ८ बाईटांत त्याची क्षिती नाही. क्रम मात्र उलटवू नका, आधी लिहायचे आणि मग वापरायचे.

याच जातीची आणखी दोन दुखणी आहेत. एकाच एसडी कार्डाची प्रत काढून दहा यंत्रे तयार केली की दहाही यंत्रांचा क्रमांक आणि किल्ली सारखीच निघते. आणि आभासी सर्व्हर जुन्या स्नॅपशॉटवर नेला की मोजणीही त्याच्यासोबत मागे जाते.

आधारच्या एपीआयमध्ये टाइमस्टॅम्पचेच बाईट नॉन्स म्हणून वापरतात. मग आम्ही का नको?

त्यात टाइमस्टॅम्पचे शेवटचे १२ बाईट नॉन्स आणि शेवटचे १६ बाईट सोबतची माहिती म्हणून घेतात, हे खरे. पण त्या रचनेत सत्रकिल्ली प्रत्येक व्यवहाराला नवी तयार होते आणि आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट होऊन सोबत जाते. किल्लीच एकदा वापरायची, तर नॉन्स काहीही चालतो. तुमची किल्ली वर्षभर तीच असेल आणि एका मिलिसेकंदात दोन नोंदी पडत असतील, तर तेच तंत्र तुम्हाला बुडवते. आयती रचना उचलताना तिचा अर्धाच भाग उचलला जातो तो असा.

एएडी म्हणतात ती सोबतची माहिती कशाला हवी? आम्ही ती रिकामी ठेवतो.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. ती कळवायची म्हणून प्रत्येक गेस्टहाऊसकडे पासपोर्टचे क्रमांक आणि स्कॅन साठलेले असतात. समजा ते स्तंभागणिक जीसीएमने एन्क्रिप्ट केले आहेत. आता कोणी एका पाहुण्याच्या ओळीतले सायफरटेक्स्ट जसेच्या तसे उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवले. किल्ली तीच, नॉन्स सोबतच आलेला, टॅग अचूक. डिक्रिप्शन खुशीने पार पडते आणि माणूस बदलतो.

एएडी यासाठीच. ती लपत नाही, पण टॅगमध्ये मोजली जाते. तक्ता, स्तंभ, ओळीची ओळख आणि हॉटेलचा क्रमांक एएडीत घाला, म्हणजे सायफरटेक्स्ट जागेवरून हलवले की टॅग बिघडतो.

दोन ठिकाणी ठेच लागते. तुकडे नुसते चिकटवू नका: हॉटेल १२ खोली ३ आणि हॉटेल १ खोली २३, दोन्हींचे १२३ होते. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहा. दुसरे, ओळीची ओळख म्हणून आपोआप वाढणारा आकडा घेतला आणि पुढे डेटा दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेताना ते आकडे बदलले, तर एकही नोंद उघडणार नाही. न बदलणारा यूयूआयडी घ्या.

टॅग ४ बाईटचा केला तर जागा वाचते ना?

१२ बाईट वाचतात. मोबदल्यात ४२९ कोटींत एक अंदाज बरोबर येतो, आणि जीसीएममध्ये तर तेवढाही दिलासा नाही: संदेश जितका लांब, तितकी आंधळ्या खोट्या टॅगची शक्यता वाढते, आणि एकदा जमले की गुप्त किंमतीची माहिती गळू लागते. फर्ग्युसन यांनी २००५ मध्येच हे सांगितले होते. रेडिओवर बाईट मोजून वापरायचे असतील तर ८ बाईट टॅगचा सीसीएम घ्या. जीसीएमचा टॅग १६ बाईट, चर्चा नको.

डेटाबेसमधला स्तंभ लहान पडतो. किती जागा धरायची?

आम्ही सुचवतो ती मांडणी: १ बाईट आवृत्ती, ४ बाईट किल्लीचा क्रमांक, १२ बाईट नॉन्स, मग सायफरटेक्स्ट, शेवटी १६ बाईट टॅग. वरकड ३३ बाईट. जीसीएममध्ये पॅडिंग नसते, त्यामुळे ९ अक्षरी पासपोर्ट क्रमांकाचे ४२ बाईट होतात आणि बेस६४ केल्यावर ५६ अक्षरे. जुना २० अक्षरी स्तंभ तसाच ठेवला आणि डेटाबेस सैल सेटिंगवर असला, तर तो शेपूट गुपचूप छाटतो. शेपटातच टॅग. नोंद कायमची गेली. शक्य तिथे बेस६४ टाळून बायनरी स्तंभच घ्या.

पहिल्या पाच बाईटांची आवृत्ती आणि किल्लीचा क्रमांकही एएडीत घ्यायला विसरू नका.

जावात एन्क्रिप्ट केलेले नोडमध्ये उघडत नाही. किल्ली तर तीच आहे.

दहातल्या नऊ वेळा टॅग कुठे आहे हा घोळ असतो. जावा, गो, ब्राउझरमधले वेबक्रिप्टो आणि पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी टॅग सायफरटेक्स्टच्या शेवटी चिकटवून देतात. नोड, डॉटनेट आणि पीएचपीचे ओपनएसएसएल तो वेगळा देतात व वेगळा मागतात. जावाकडून आलेल्याचे शेवटचे १६ बाईट कापून नोडला टॅग म्हणून द्या.

तरी नाही उघडले तर नॉन्सची लांबी पाहा. पायक्रिप्टोडोम न सांगता १६ बाईटचा नॉन्स घेते, बाकीचे १२ धरून बसतात.

लायब्ररीगणिक आणखी खड्डे आहेत. जावात नुसते एईएस मागितले की ईसीबी (प्रत्येक ब्लॉक सुटा एन्क्रिप्ट करणारा मोड) मिळते, मोडसकट पूर्ण नाव लिहा. पीएचपीचे डिक्रिप्ट फंक्शन टॅगची लांबी तपासत नाही, चार बाईट दिले तर चारच जुळवते, म्हणून १६ आहेत का ते आधी स्वतः बघा. नोडमध्येही टॅगची लांबी बांधून द्या. आणि नोड किंवा ओपनएसएसएलमध्ये शेवटची पायरी पार पडण्याआधीच मधल्या पायरीतून मजकूर मिळू लागतो. तो अजून तपासलेला नाही. टॅग जुळेपर्यंत त्यातला एकही बाईट पुढे जाऊ देऊ नका, स्क्रीनवर नाही, फाईलमध्ये नाही, जेसन पार्सरलाही नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण किंवा मोठा बॅकअप एका दमात एन्क्रिप्ट करावा का?

करू नये. जीसीएमची एका संदेशाची कमाल ६४ गिगाबाईटला ३२ बाईट कमी इतकी आहे. पण अडचण त्याच्या खूप आधी येते: टॅग शेवटी असल्यामुळे पूर्ण फाईल तपासल्याशिवाय पहिला बाईटही वापरता येत नाही.

६४ किलोबाईटचे तुकडे करा. नॉन्स असा: ७ बाईट फाईलगणिक यादृच्छिक, ४ बाईट तुकड्याची मोजणी, १ बाईट ‘हा शेवटचा आहे का’. मोजणीमुळे तुकड्यांची अदलाबदल पकडली जाते. शेवटच्या बाईटचे महत्त्व बरेच जण ओळखत नाहीत. तो नसेल तर कोणी फाईलचे शेपूट बरोबर तुकड्याच्या सीमेवर कापले तरी सगळे टॅग जुळतात आणि अर्धा बॅकअप पूर्ण म्हणून परत येतो. यादृच्छिक भाग फक्त ७ बाईटचा उरतो, म्हणून प्रत्येक फाईलला मुख्य किल्लीपासून एचकेडीएफने (एका किल्लीतून अनेक किल्ल्या काढणाऱ्या फंक्शनने) वेगळी किल्ली काढा. ४ गिगाबाईटच्या बॅकअपचे ६५,५३६ तुकडे होतात आणि टॅगांचे ओझे जेमतेम १ मेगाबाईट.

टॅग बरोबर असला म्हणजे संदेश ताजा आहे ना?

नाही. कालचा खरा संदेश आज पुन्हा पाठवला तरी टॅग जुळतोच. फेरीवरच्या तिकीट यंत्राचा ‘भरणा झाला’ हा संदेश दहादा ऐकवता येईल. घेणाऱ्याने शेवटची मोजणी लक्षात ठेवून जुने नाकारले पाहिजे.

समोरच्या एपीआयच्या कागदपत्रांत एईएस ईसीबी लिहिले आहे. काय करायचे?

त्या सेवेशी बोलायचे असेल तर तेच करावे लागेल, इलाज नाही. पण ते टीएलएसच्या, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीच्या, आतूनच पाठवा (टीएलएस १.३ मध्ये २०१८ पासून प्रमाणित एन्क्रिप्शनखेरीज दुसरे काही नाहीच), आणि तो कोड एका वेगळ्या फाईलमध्ये कोंडून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तेच फंक्शन तुमच्या डेटाबेससाठी वापरतो. ईसीबीत सारख्या ब्लॉकचे सायफरटेक्स्ट सारखेच येते. ‘कोणाकोणाचा पासवर्ड एकच आहे’ हे न उलगडताच दिसते.

डिस्क एन्क्रिप्टेड आहे, तेवढे पुरे नाही का?

लॅपटॉप चोरीला गेला तर पुरे. डिस्कवर बहुधा एक्सटीएस मोड असतो, त्याला टॅग नसतो. बदल पकडणे हे त्याचे कामच नाही.

रास्पबेरी पाय ४ वर जीसीएम फार मंद चालते.

त्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचनाच नाहीत. पाय ५ मध्ये आहेत. पाय ३ आणि ४ वर चाचा२०-पॉली१३०५ वापरा. वेगासाठी स्वतःचे तक्तेवाले एईएस लिहिण्याच्या फंदात पडू नका, कॅशच्या वेळेवरून किल्ली गळते.

पासवर्डलाच किल्ली म्हणून वापरू?

नको. पासवर्डवरून किल्ली काढायला आर्गॉन२आयडी घ्या, नाहीतर पीबीकेडीएफ२ शा-२५६ सह किमान ६,००,००० फेऱ्या, आणि प्रत्येक वापरकर्त्याला वेगळे १६ बाईट सॉल्ट (यादृच्छिक भर). एक बारकावा: जीसीएम आणि चाचा-पॉली किल्लीला बांधलेले नसतात, म्हणजे दोन वेगळ्या किल्ल्यांनी उघडणारे एकच सायफरटेक्स्ट मुद्दाम घडवता येते. सर्व्हर पासवर्डवरून उघडून ‘जमले’ किंवा ‘नाही’ सांगत असेल, तर एका खेपेत अनेक पासवर्ड पडताळता येतात, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. अशा जागी किल्लीचा वेगळा एचमॅक सोबत ठेवा.

जुना सीबीसी डेटा कसा बदलायचा?

आधी वाचणारा कोड तैनात करा, जो आवृत्तीच्या बाईटवरून जुने-नवे दोन्ही ओळखतो. सर्व सर्व्हरांवर तो पोचल्यावरच लिहिणारा कोड जीसीएमवर न्या. नवी किल्ली घ्या, सीबीसीची किल्ली जीसीएमला देऊ नका. मग रात्री थोड्या थोड्या ओळी बदला. सगळे झाले की जुना वाचनमार्ग काढून टाका, कारण तो राहिला तर हल्लेखोर आवृत्तीचा बाईट बदलून तुम्हाला जुन्या दारातून आत नेतो. या शेवटच्या पायरीला सहसा कोणी वेळ काढत नाही. ट्रिपल डीईएसचा डेटा असेल तर डिसेंबरातली पर्यटकांची गर्दी संपायची वाट बघू नका. त्याचा ब्लॉक ८ बाईटचा, एका किल्लीखाली ३२ गिगाबाईटच्या आसपास टकरी, म्हणजे दोन ब्लॉकचे सायफरटेक्स्ट सारखे येणे, अपेक्षितच असतात (स्वीट३२, २०१६).

चाचणी कशी घ्यायची?

‘एन्क्रिप्ट केले, डिक्रिप्ट केले, तेच आले’ ही चाचणी ईसीबीही पास होतो. नकाराची चाचणी घ्या. नॉन्स, सायफरटेक्स्ट, टॅग आणि एएडी यांतला प्रत्येक बिट एकेक करून उलटवा, दर वेळी नकारच आला पाहिजे. टॅग १५ बाईटचा द्या, रिकामा द्या. रिकामा मजकूर एन्क्रिप्ट करा. एक लाख नोंदी लिहून नॉन्सच्या स्तंभात पुनरावृत्ती शोधा. लायब्ररी नवखी असेल तर वायचप्रूफचे चाचणी संच चालवा.

नॉन्स परत वापरला गेल्याचे आता कळले. पहिल्यांदा काय?

त्या किल्लीने लिहिणे तत्क्षणी थांबवा आणि नवी किल्ली सुरू करा. जुनी पुसू नका, वाचायला लागेल. नॉन्सच्या स्तंभावर गट करून कोणत्या नोंदींचे नॉन्स जुळतात ती यादी काढा: त्या नोंदींची गुप्तता गेली असे धरायचे. टॅगचा भरवसा मात्र त्या किल्लीखालच्या सगळ्याच नोंदींचा गेला, म्हणून बाकीच्या नोंदी नॉन्स घसरण्याआधीच्या बॅकअपशी ताडून पाहा आणि मगच नव्या किल्लीने लिहा. नुसते उघडून पुन्हा एन्क्रिप्ट केले तर खोटी नोंदही नव्या, खऱ्या टॅगने पवित्र होऊन बसते. डेटा बाहेर गेल्याची चिन्हे असतील तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते. यादी पूर्ण व्हायची वाट बघत हे तास घालवू नका, जेवढे हाती आहे तेवढे कळवा आणि उरलेले मागाहून पाठवा.